शंख आणि बुडी

आमच्या सीमाभागातील एका लहानशा देवस्थानात मध्यंतरी नवा शंख घेण्याचा प्रश्न निघाला. जुन्या शंखाला चीर गेली होती आणि काकडआरतीच्या वेळी त्यातून नादापेक्षा वाराच अधिक निघे. वर्गणी जमली, रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंबरोबर निरोप धाडण्याचेही ठरले. इतक्यात बैठकीतील एका वयोवृद्ध गृहस्थांनी विचारले की, हा शंख समुद्रातून काढतो कोण, कोणकोणत्या हातांतून तो आपल्या देवापर्यंत येतो, याची कोणी चौकशी केली आहे काय? त्यांचा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा होता. उत्तर मात्र कोणालाच ठाऊक नव्हते, आम्हांलाही नव्हते. ते शोधू जाता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

बिदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील माणसाला समुद्र परका आहे. गाणगापुरी भीमा-अमरजेच्या संगमावर नाक धरून तीन बुड्या मारणे, किंवा बिदरच्या झरणी नरसिंहाच्या दर्शनास गुहेतील छातीइतक्या पाण्यातून वाट काढीत जाणे, येथे आमची पाण्याशी असलेली सलगी संपते. आमच्या बोलीत बुडी म्हणजे स्नान. बुडी हा पोटाचा धंदा असू शकतो, हे आमच्या कोंकणी बांधवांना सांगावे लागणार नाही, पण आम्हां घाटावरच्यांना सांगावे लागते.

तथापि शंख आमच्या भूमीला नवा नाही. कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, आणि बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची कल्याणी. या दोन्ही राजवटींच्या काळातील शिलालेखांत मांडलिकांच्या बिरुदांमध्ये ‘समधिगतपंचमहाशब्द’ हे विशेषण वारंवार येते. सम्राटाकडून पाच महावाद्ये वाजविण्याचा मान ज्याला मिळाला आहे तो, असा त्याचा अर्थ. शृंग, तम्मट, शंख, भेरी आणि जयघंटा अशी या पाचांची एक गणना कन्नड परंपरेत सांगितली आहे. म्हणजे शंख फुंकण्याचा अधिकार हा येथे एके काळी राजाने द्यावयाचा मान होता. कल्याणीच्याच सोमेश्वर तिसऱ्याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लासा’त (इ. स. ११२९ च्या सुमारास) रत्नांची परीक्षा आहे आणि मासे धरण्याच्या राजविनोदाचेही प्रकरण आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर बसलेल्या राजाला पाण्यातील संपत्तीविषयी इतके कुतूहल असावे, हे आम्हांस मोठे मनोरम वाटले.

याहूनही मागे जाता येते. धाराशिव जिल्ह्यातील तेर आमच्यापासून फार लांब नाही. तेथील उत्खननात शंखाच्या बांगड्यांचे अवशेष निघाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात, ज्याला ‘पेरिप्लस’ म्हणतात, तेरचा उल्लेख ‘तगर’ या नावाने येतो. त्याच ग्रंथात दक्षिणेकडील कोरकई येथे, म्हणजे पांड्यांच्या राज्यात, मोती काढण्याचे काम चालते असेही सांगितले आहे. ते कोण करीत? शिक्षा झालेले कैदी! बुडी मारून समुद्राचा तळ चाचपणे हे काम तेव्हा लोकांना कसे वाटत असेल, याची कल्पना या एका शब्दावरून यावी.

आता तो तळ कसा आहे ते पाहू. आपण पूजेत ठेवतो त्या शंखाचे शास्त्रीय नाव टर्बिनेला पायरम. हा प्राणी भारत आणि श्रीलंका यांच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातला. कच्छच्या आखातात तो मिळतो आणि हडप्पाकालीन कारागीर तेथलेच शंख कापून बांगड्या करीत. परंतु त्याचे सर्वांत विख्यात ठिकाण म्हणजे मन्नारचे आखात. तूत्तुकुडीपासून रामेश्वरापर्यंत तेथे प्रवाळांनी वेढलेल्या २१ लहान बेटांची माळ गणली जाते. पैकी दोन बेटे आता पाण्याखाली गेली आहेत. बेटांभोवतीच्या प्रवाळखडकांपलीकडे वाळूचे विस्तीर्ण तळ आहेत आणि त्या वाळूतील किडे खाऊन हा शंख जगतो. तो वाळूत अर्धवट रुतून सरपटत जातो. मोत्यांचे शिंपले खडकावर दाटीने चिकटलेले असतात. शंख मात्र विखुरलेले, एक येथे तर एक तेथे. म्हणून शंख काढणाऱ्या पाणबुड्याला तळावर हिंडावे लागते. वाळूत उमटलेली शंखाची रेघ त्याच्या नजरेस पडली पाहिजे आणि ती पडावी म्हणून पाणी नितळ पाहिजे.

नितळपणाची अडचण येथेच आहे. हा समुद्र स्थिर नसतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत प्रवाहाची दिशा एक, तर ईशान्य वाऱ्यांत ती उलटते. पांबनच्या चिंचोळ्या खिंडीतून पाणी कसे खेचले जाते, ते रामेश्वराला जाताना पुलावरून ज्यांनी पाहिले असेल त्यांना वेगळे सांगावयास नको. १९६४ च्या डिसेंबरात याच समुद्राने धनुष्कोडी एका रात्रीत पुसून टाकली. पावसाळी वाऱ्यांत तळ ढवळून पाणी गढूळ होते आणि बुडीचे काम थांबते. तूत्तुकुडीकडे शंखाचा हंगाम साधारणतः नोव्हेंबरपासून मेपर्यंत. मोत्यांचा हंगाम त्याहून आखूड, वसंतातल्या शांत आठवड्यांपुरता.

दहा-पंधरा मीटर खोल पाण्यात कोणतेही यंत्र न घेता उतरणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. दहा मीटरवर अंगावरचा दाब पृष्ठभागावरच्या दाबाच्या दुप्पट होतो. फुप्फुसांतील हवा निम्म्या जागेत दबते, कानाचे पडदे आत रेटले जातात. मोत्यांचा पाणबुड्या पायाशी दोरीने बांधलेला दगड घेऊन झरकन् खाली जाई, दगड सोडून देई, हाताला लागेल ते जाळीत भरी आणि दोरीला हिसका देई. वर होडीत बसलेला त्याचा जोडीदार त्याला ओढून घेई. हा सारा व्यवहार एक-दीड मिनिटाच्या श्वासात उरकावयाचा. दिवसातून अशा कितीतरी बुड्या. जोडीदाराचे लक्ष दोरीवरून हलले तर तो गेलाच. त्यामुळे पाणबुड्या आपला जोडीदार फार पारखून घेई. पुष्कळदा तो सख्खा भाऊ किंवा मेहुणा असे.

पाण्याची ओढ असेल तेथे माणसाने काय करावे, याचे उत्तर अलीकडच्या पाणबुड्यांनी शास्त्रशुद्ध मांडले आहे. ओढीविरुद्ध पोहणाऱ्याची हवा आणि शक्ती दोन्ही लौकर संपतात. म्हणून तो स्वतःला प्रवाहाच्या स्वाधीन करतो, प्रवाळांच्या कडेने पाण्याबरोबर वाहत जातो आणि होडी त्याच्या खुणेच्या तरंड्यामागून चालते. जेथे तो वर येतो तेथे त्याला उचलून घेते. आमच्याच राज्यात मुरुडेश्वरासमोर नेत्राणी बेट आहे. मुरुडेश्वराचे दर्शन घेऊन आमच्याकडील तरुण मंडळी आता पाठीवर हवेची नळकांडी बांधून तेथील प्रवाळ पाहावयास उतरतात. ही हौस चांगलीच आहे. परंतु ज्याच्या पाठीवर नळकांडे नव्हते आणि ज्याला प्रवाहात वाहत असताना तळावरून काहीतरी उचलून आणल्यावाचून घरी चूल पेटणार नव्हती, त्याची आठवण तेथे व्हावी, इतकेच आमचे म्हणणे.

पुराणाकडे पाहिले तर पहिला शंख काढणारा पाणबुड्या साक्षात् श्रीकृष्ण ठरतो. सांदीपनींचा पुत्र प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीसा झाला. गुरुदक्षिणा म्हणून त्याला परत आणण्यासाठी भगवान समुद्रात शिरले, शंखरूपाने राहणाऱ्या पंचजनाचा त्यांनी वध केला. मुलगा तेथे मिळाला नाही. शंख मात्र मिळाला, तोच पांचजन्य. भागवताच्या दशमस्कंधात ही कथा आहे. कीर्तनकार ती सांगताना यमपुरीकडे घाईने वळतात. समुद्राच्या तळाशी क्षणभर थांबावयास हरकत नाही.

आता मूळ प्रश्न: हे पाणबुडे कोण? मन्नारच्या किनाऱ्यावरील परवर ही त्यांतील मुख्य जात. त्यांच्याबरोबर कीळक्करै, कायलपट्टणम् इकडील मुसलमान. मोत्यांच्या हक्कावरून या दोघांत सोळाव्या शतकाच्या आरंभी मोठा कलह झाला. परवरांनी पोर्तुगीजांचे साहाय्य मागितले आणि १५३५ ते १५३७ च्या सुमारास ते मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. पुढे १५४२ साली फ्रान्सिस झेवियर गोव्याहून त्यांच्याकडे गेला. गोव्याच्या इतिहासातील दुःखद पाने आमच्या कोंकणी वाचकांच्या घराण्यांत आजही विसरली गेलेली नाहीत. झेवियरचे नाव त्यांना वेगळ्याच कारणाने स्मरते. परंतु परवरांच्या धर्मांतरामागे उपदेशाच्या आधी उपजीविकेचे रक्षण होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. ज्या हक्कावर त्यांची पोरेबाळे जगत, त्याचा पाठीराखा त्यांना दुसरीकडे सापडला. त्याच शतकात, १५६३ मध्ये, गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथात शंख हा बंगालकडे जाणारा माल म्हणून नोंदलेला आहे. तेथे सवाष्णींच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या होत. थोडक्यात, हिंदू सौभाग्याचे लेणे आणि हिंदू देवाचा शंख ख्रिस्ती व मुसलमान पाणबुड्यांच्या श्वासावर वर येत होता, आणि हे शतकानुशतके चालले.

याच संदर्भात दोन साक्षी मौजेच्या आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला मार्को पोलो लिहितो की, मोती काढण्याच्या वेळी मोठ्या माशांना मंत्राने बांधून टाकणारे लोक नेमलेले असत. त्यांना उत्पन्नाचा विसावा हिस्सा मिळे, राजाला दहावा. या मांत्रिकांचे त्याने दिलेले नाव ‘ब्राह्मण’ या शब्दाचाच अपभ्रंश मानला जातो. ते रात्री मंत्र सोडवून टाकीत, म्हणजे चोराने अंधारात बुडी मारू नये! पुढे १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या सिलोनवरील ग्रंथात इमर्सन टेनंट सांगतो की, शार्क माशांना बांधणाऱ्या वंशपरंपरागत मांत्रिकावाचून पाणबुडे पाण्यात उतरत नाहीत आणि त्या वेळचा तो मांत्रिक रोमन कॅथलिक होता. त्याच्या धर्मामुळे मंत्राची शक्ती उणावते असे कोणालाही वाटत नव्हते. समुद्राच्या काठावर सोवळ्याची रेघ वाळूतल्या रेघेइतकीच टिकते, असे दिसते.

आमचे बिदरही या व्यवहारापासून अलिप्त नव्हते. महमूद गवान १४५३ साली दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बिदरला आला. १४७२ मध्ये त्याने बहमनी राज्यासाठी गोवा जिंकला. रशियातील त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन याच सुमारास चौलला उतरून एक घोडा घेऊन बिदरपर्यंत आला होता. बंदरातून घोडे आले तसा शिंपलाही आला. बिदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाच्या आतल्या दालनात अली बरीदच्या काळातील (१५४२ ते १५८०) काळ्याभोर दगडात बसविलेली शिंपल्यांची नक्षी आजही लखलखते. मार्गदर्शक सुलतानाचे नाव सांगतो आणि चाणाक्ष प्रेक्षक कारागिराविषयी विचारतो. तिसऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही. पण शिंपला कोणत्याही किनाऱ्याचा असो, तो पाण्याखाली हात घातल्यावाचून वर येत नाही.

इंग्रजी अमलात मन्नारचे शंख काढणे हा सरकारी मक्ता झाला. मद्रास मत्स्यखात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी १९१४ साली पवित्र शंखावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अलीकडच्या दशकांत कित्येक पाणबुडे होडीवरील यंत्रातून नळीने हवा घेऊन उतरतात. त्यामुळे तळाशी राहण्याचा वेळ वाढला, आणि धोकाही. खोलात फार वेळ राहून एकदम वर आल्यास रक्तात वायूचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, माणूस पांगळा होतो. श्वास कोंडून बुडी मारणाऱ्या त्यांच्या आजोबांना हा रोग फारसा ठाऊक नव्हता.

खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना येथे करणे अवश्य वाटते. दक्षिणावर्त शंख म्हणून बाजारात जे पुष्कळ विकले जाते, ते अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एका निराळ्याच गोगलगायीचे कवच असते. खऱ्या शंखाच्या मुखात, आतल्या खांबावर, तीन-चार ठळक घड्या असतात, त्यात नसतात. खरा दक्षिणावर्त अतिदुर्मिळ आहे. देवस्थानांनी त्याच्या नादी लागू नये.

पुढच्या बैठकीत आम्ही ही हकीगत सांगितली. वृद्ध गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतली आणि शास्त्राधार विचारला. योगायोगाने तो होता, आणि तोही मनुस्मृतीत. पाचव्या अध्यायात शंख, शिंग, हाड आणि दात यांच्या वस्तू कशा शुद्ध कराव्यात ते सांगितले आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे असेही म्हटले आहे की, कारागिराचा हात नेहमीच शुद्ध असतो आणि बाजारात विक्रीस मांडलेली वस्तूही. ज्या ग्रंथाच्या नावाने आपण इतके भेद पाळले, त्यानेच ही सूट देऊन ठेवावी, आणि ती आमच्यापैकी कोणी आजवर वाचलेली नसावी! गृहस्थ काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, ‘‘त्या लोकांना एका शंखाचे काय मिळत असेल हो?’’

आम्हांला आकडा सांगता आला नाही. त्यांनी आपली वर्गणी दुप्पट केली. शंख रामेश्वराहून आला आहे. टोक कापून त्याला फुंकण्याजोगे केले आहे आणि सध्या पुजाऱ्यांचा धाकटा मुलगा तो शिकत आहे. त्याचा दम अजून पुरत नाही.