उंचीचे शून्य

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या सकाळी माझ्या नातवाने घरात एक नवे पाखरू आणले. चार पंखांचे, तळहातावर मावेल एवढे, पोटाशी भिंगाचा एक डोळा असलेले. ड्रोन म्हणतात त्याला. पन्हाळ्याच्या वाटेवर आमचा थोडा उसाचा मळा आहे. तेथून उडवून वरून उसाची छबी टिपायची, असा त्याचा बेत होता. फराळ उरकून आम्ही दोघे मळ्यात गेलो आणि विहिरीजवळच्या फरशीवरून त्याने ते सोडले.

पाखरू उठले खरे, पण त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. एका जागी स्थिर राहायचे सोडून ते कधी हातभर वर, कधी हातभर खाली होऊ लागले. मोबाईलच्या काचेवर उंचीचा आकडा उमटत होता, तोही तसाच चंचल : दहा, बारा, नऊ, पुन्हा अकरा. कमाल पुढेच होती. ते परत त्याच फरशीवर येऊन टेकले, पंख थांबले, आणि आकडा दिसला : उणे ४ मीटर!

“आबा, जमिनीत घुसलंय म्हणं हे!” नातू हसला; पण लगेच त्याचा चेहरा उतरला. वर्षभर साठवलेले पैसे त्यात गेले होते. “उद्याच दुकानात परत देतो. बिघडलेलं दिलंय बघा.”

शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. उणे चार हा आकडा पाहून मला राग आला नाही. जुना स्नेही भेटल्यासारखे वाटले. मी म्हणालो, “दोन दिवस थांब. हे यंत्र खोटं बोलत नाही. आपण त्याला भलताच प्रश्न विचारतोय.”

प्रश्न असा : आकाशात लटकणाऱ्या वस्तूला आपली उंची कळते कशी? तिला दोरी लावून मोजता येत नाही. उपग्रहांच्या खुणांवरून जागा बरी कळते, पण उंचीचा अंदाज तेथे बराच ढिला असतो. म्हणून ड्रोनच्या पोटात बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा असा एक भारमापक बसवलेला असतो. तो उंची मोजतच नाही. तो हवेचे वजन मोजतो आणि त्यावरून उंचीचा हिशेब मांडतो.

ही युक्ती जवळजवळ चारशे वर्षांची आहे. १६४३ च्या सुमारास इटलीत तोरिचेल्ली याने पाऱ्याची नळी उपडी करून दाखवले, की पारा वर तोलून धरते ती बाहेरची हवा. आपण सारे हवेच्या एका समुद्राच्या तळाशी राहतो, असे त्याचे म्हणणे. तसे असेल, तर डोंगरावर चढल्यावर डोक्यावरची हवा कमी होऊन पारा उतरला पाहिजे. फ्रान्समधल्या पास्कालने हे ताडून पाहायचे ठरवले. तो स्वतः पॅरिसला होता. म्हणून त्याने आपल्या मेव्हण्याला, पेरिएला, ते काम सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए पुई द दोम हा डोंगर चढला आणि शिखरावर पारा तीन इंचांहून अधिक उतरलेला त्याला दिसला.

या कथेतला डोंगर सर्वांच्या लक्षात राहतो. पण पेरिएचा खरा शहाणपणा पायथ्याशी होता. निघण्यापूर्वी त्याने तशीच दुसरी नळी खाली गावातल्या मठात ठेवली आणि दिवसभर तिच्यावर नजर ठेवायला एका साधूला बसवले. कशासाठी? वर पारा उतरला तो उंचीमुळे, की एवढ्या वेळात हवाच पालटली म्हणून, हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. पायथ्याचा पारा त्या दिवशी हलला नाही, म्हणूनच शिखरावरचा आकडा खरा ठरला.

आपल्या दख्खनमध्ये मात्र पायथ्याचा पारा स्वस्थ बसत नाही. ही गोष्ट ज्याने चिकाटीने नोंदवली, त्याचे नाव विल्यम हेन्री साइक्स. मुंबई सरकारच्या लष्करातला हा अधिकारी. एल्फिन्स्टनने १८२४ साली त्याला दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचे काम दिले. पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड हे चार जिल्हे त्याच्याकडे होते. कोल्हापूर संस्थान त्याच्या कक्षेबाहेरचे. पण पठार तेच, सह्याद्री तोच आणि हवाही तीच. साइक्सने माणसे मोजली, पिके मोजली, पक्षी आणि मासे नोंदले, आणि त्याबरोबरच भारमापकाच्या पाऱ्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली.

त्याला दिसले ते असे : सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पारा चढून बसतो, दुपारी चार-पाचला उतरतो, रात्री दहा-अकराला पुन्हा चढतो, पहाटे पुन्हा उतरतो. समुद्राला भरती-ओहोटी येते, तशी ही हवेची भरती-ओहोटी, दिवसातून दोनदा. १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्याआधी हुम्बोल्टने दक्षिण अमेरिकेत हेच पाहिले होते. तेथे ही लय इतकी नेमाची, की पाऱ्याकडे पाहून सुमारे पाव तासाच्या फरकाने वेळ सांगता यावी. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राची. हवेची मात्र मुख्यतः सूर्याच्या उष्णतेची.

पाऱ्याची लांब काचेची नळी घेऊन डोंगर चढणे किती जोखमीचे, हे सांगायला नको. साध्या तापमापकाने उंची कशी काढावी, यावरही साइक्सने पुढे लिहिले. पाणी उकळायचे आणि ते किती अंशांवर उकळते ते पाहायचे. दर ३०० मीटरला सुमारे एक अंश कमी. म्हणजे पन्हाळ्यावर चहाचे आधण कोल्हापूरपेक्षा एका अंशाहून थोड्या अधिक फरकाने लवकर उकळते. गृहिणींना हे सांगून पाहावे. चहा नीट उतरत नाही याला एक सबब मिळेल.

असो. नातवाला हे सारे सांगून झाल्यावर मी म्हटले, “आता आपल्या घरची भरती पाहू.” त्याच्या मोबाईलमध्येही तसाच भारमापक आहे. भाऊबिजेच्या सकाळी दहा वाजता आम्ही मोबाईल माजघराच्या फळीवर ठेवला, उंचीचा आकडा शून्यावर आणला आणि कोणी हात लावायचा नाही, अशी सर्वांना ताकीद दिली. दुपारी चार वाजता पाहिले, तर फळीवरचा मोबाईल त्याच्या स्वतःच्या मते २६ मीटर वर गेला होता! आठ मजली इमारतीएवढा चढ, आणि जागा तीच.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडे पारा एक मिलिमीटर उतरणे म्हणजे सुमारे १२ मीटर चढणे. दिवसाच्या ओहोटीत पारा दोन-सव्वादोन मिलिमीटर उतरतो. त्याचेच हे २६ मीटर.

पण येथे नातवाने मला पकडले. “आबा, आपलं ड्रोन तर वीस मिनिटंच उडालं. तेवढ्यात किती ओहोटी येणार?” शंका रास्त होती. तेवढ्या वेळात फरक पडेल फार तर दीड मीटरचा. मग उरलेला कोठून आला?

उणे चार म्हणजे पाऱ्याचा तिसरा हिस्सा मिलिमीटर. एवढी चूक व्हायला फार काही लागत नाही. यंत्र सुरू केल्यावर आतला भारमापक तापत जातो आणि तापता तापता त्याचा आकडा सरकतो. आम्ही तर सुरू केल्याबरोबर उडवले होते. वाऱ्याची झुळूक, किंवा ड्रोनच्याच पंखांचा वारा, त्या छिद्रावर आदळला की दाब क्षणभर बदलतो. म्हणून तेथे स्पंजाचा लहानसा तुकडा लावतात. काही भारमापक ऊन पडले तरी बिचकतात. जमिनीपासून हातभर उंचीवर पंखांचा वारा खाली आपटून उलटतो आणि ड्रोन डुचमळते. शिवाय एक पंख उसाच्या पात्याला लागून टवका उडालेला आढळला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पंख बदलला. ड्रोन सावलीत सुरू करून पाच-सात मिनिटे तसेच राहू दिले, मग सपाट फरशीवरून, वारा पडलेला असताना सोडले आणि लगेच पुरुषभर उंचीच्या वर नेले. ते स्थिर राहिले. उतरल्यावर आकडा होता उणे अर्धा. शून्य नव्हे, पण दुकानाची पायरी चढण्याची गरज राहिली नाही.

विमानांनाही हीच अडचण होती. १९२८ साली कोल्समन याने दाबानुसार शून्य बदलता येईल असा नाजूक उंचीमापक केला आणि पुढल्याच वर्षी डूलिटलने बाहेरचे काही न पाहता, केवळ यंत्रांवर विसंबून विमान उडवून उतरवले. आपल्या कोल्हापूरचा विमानतळ १९३९ चा. आजही उतरू पाहणाऱ्या वैमानिकाला तेथला त्या वेळचा दाब आधी सांगतात आणि तो आपला काटा त्याप्रमाणे लावून घेतो. पायथ्याच्या मठातला साधू अजून कामावर आहे, तो असा.

हे सारे केवळ खेळण्यापुरते नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी मोकळ्या क्षेत्रात १२० मीटरची मर्यादा घातली, ती जमिनीपासून. ड्रोनचा आकडा मात्र जेथून ते उडाले तेथून मोजतो. टेकडीवरून सोडून दरीवर नेले, तर आकडा शंभर दाखवील आणि खाली जमीन तीनशे मीटरवर असेल.

आणि शून्याचे मोल कोल्हापूरकराला कोणी शिकवायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. हे फूट समुद्रसपाटीपासूनचे नव्हेत. ते बंधाऱ्यावरच्या पट्टीच्या शून्यापासूनचे. ते शून्य ठाऊक आहे, पिढ्यान्‌पिढ्या तेच आहे, म्हणून नुसता आकडा ऐकून घराघरांत धान्याची पोती माळ्यावर चढतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा धोक्याच्या खुणेवर दहा फुटांहून अधिक चढली, तेव्हा त्या आकड्याच्या भरवशावर माणसांनी घरे सोडली. पट्टीचे शून्य सरकले असते, तर काय झाले असते?

नातवाने आता एक वही केली आहे. प्रत्येक उड्डाणाआधी तो तीत वेळ लिहितो, जागा लिहितो आणि उतरल्यावर किती फरक पडला ते लिहितो. सकाळी दहाचे उड्डाण असले, तर मला हाक मारून सांगतो, “आबा, भरती आहे.”