दहा नंबरच्या सुईचे कूळ

सांगलीच्या पेठेत लोकरीच्या दुकानी जाऊन स्वेटरसाठी सुया मागितल्या, की दुकानदार गुंड्याची लोकर दोन बोटांत चाचपून “अंगाला दहा नंबर, काठाला बारा घ्या” असे सांगतो. आणि काठाची वीण घट्ट हवी हे ठाऊक असलेल्या नवशिक्या बाईंना बारा नंबर अधिक जाड का, असा संभ्रम पडतो. वस्तुतः दहाची सुई ३.२५ मिलिमीटरची आणि बाराची २.७५ मिलिमीटरची; नंबर चढत जातो तसतशी सुई बारीक होत जाते. हा उफराटा शिरस्ता कोठून पडला याचा माग काढीत गेलो असता तो मला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेला.

विणकामाचा रूढ इतिहास येथे एका वाक्यात आटोपतो. माण, खटाव आणि जत या मेंढरांच्या मुलखात लोकर उदंड असली, तरी तिची खड्ड्याच्या मागावर घोंगडीच होत असे. दोन सुयांवरचे विणकाम मडमांबरोबर आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून आले व पाचगणी-महाबळेश्वरच्या थंडीने ते पोसले.

मिरजेचा मामला निराळा. तेथील शिकलगार घराणी शस्त्रांना पाणी देण्याचे व धार लावण्याचे काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरल्यावर त्यांतील फरीदसाहेबांसारखे कारागीर सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. या वाद्यांच्या तारा नंबरावर मिळतात. सतारीची बाजाची पोलादी तार साधारणतः तीस नंबरची, आणि खर्जाची पितळी तार त्याहून कमी नंबरची, म्हणजे जाड. हे तीस आणि आपल्या सुईचे दहा हे एकाच जमाबंदीतले दोन सर्व्हे नंबर होत. इंग्रज सरकारने तारेच्या मापाचा जो तक्ता १८८४ पासून अमलात आणला, त्यात दहा नंबरची तार सव्वातीन मिलिमीटरची आणि तीस नंबरची सुमारे ०.३१५ मिलिमीटरची आहे. लोकरीची सुई आणि सतारीची तार यांचे भाऊबंदपण इतके सरळ कागदावर असावे, याचे मला आजही नवल वाटते.

आता उफराटेपणाविषयी. सोनार तार काढतो ती जंत्रातून. पोलादी पट्टीत उतरत्या मापाची छिद्रे असतात. तापवून मऊ केलेल्या तारेचे टोक कानशीने निमुळते करून छिद्रात घालायचे, पलीकडून सांडशीने धरून ओढून काढायचे आणि मग पुढच्या, अधिक अरुंद छिद्राकडे वळायचे. माझे म्हणणे असे, की नंबर म्हणजे मुळात या ओढींची गणती होय. जितक्या ओढी अधिक, तितकी तार बारीक. याला प्रतिपक्ष असा, की नंबर हा केवळ मापपट्टीवरील छिद्रांचा अनुक्रम असून मोठ्या छिद्रापासून मोजायला आरंभ केला एवढेच. परंतु त्या सरकारी तक्त्यात एका नंबरावरून पुढच्या नंबरावर जाताना तारेचे वजन सरासरीने पाचव्या हिश्शाइतके घटते, आणि एका ओढीत धातू न तुटता साधारण तेवढाच कमी होऊ शकतो, ही गोष्ट निव्वळ अनुक्रमाला कशी साधली असती? शिवाय १८४० च्या दशकात लंडनच्या फ्रान्सेस लॅम्बर्ट बाईंनी विणकामाच्या सुया मोजण्याची जी पट्टी आपल्या पुस्तकांतून पुढे केली, तिला त्यांनी नाव दिले ‘फिलिएर’. फ्रेंच भाषेत हे जंत्राचेच नाव आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर तर सुयांना चक्क ‘तारा’ म्हणतात. याहून अस्सल साक्ष ती कोणती?

एक कज्जा मात्र उरतो. सरकारी तक्त्यात बारा नंबर २.६४ मिलिमीटरचा आहे आणि आपली सुई २.७५ ची. जुन्या बर्मिंगहॅमी मापात बारा नंबर २.७७ भरतो, तेव्हा मिलिमीटरांची सोयीस्कर गोळाबेरीज करताना हे जुने माप कोणीतरी सुयांसाठी तसेच राहू दिले असावे, असा निर्वाळा मी आपल्या जबाबदारीवर देतो. दहाचा नंबर त्या जुन्या मापाशी जुळत नाही, हे प्रतिपक्षाने दाखवण्यापूर्वी मीच सांगून ठेवतो.

अमेरिकनांनी हा शिरस्ता मोडला. त्यांच्याकडे नंबर वाढतो तशी सुई जाड होते, आणि त्यांची दहा नंबरची सुई चांगली ६ मिलिमीटरची असते. म्हणून परदेशातून लेकीने किंवा भाचीने नमुना धाडला असेल, तर सातारा-सांगलीच्या दुकानात नुसता नंबर न सांगता मिलिमीटर सांगावेत. आपला हात घट्ट असेल, तर येथील सुयांचा नंबर एकाने कमी करावा, वाढवू नये.