नानांची फाइल

१९९४च्या नोव्हेंबरात माझे वडील, नाना, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. बाहेर बर्फ, दिवसभर घर रिकामं. संध्याकाळी त्यांना बोलतं करावं म्हणून मी पत्री सरकारच्या काळातल्या साताऱ्याच्या गोष्टी काढायचो. शाळकरी वयात त्यांनी पाहिलेलं ते सांगत आणि मी ते आमच्या ३८६ कॉम्प्युटरवर टाइप करी. चाळीसेक पानं झाली.

नाना परतले. सप्टेंबरात मंडळाच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च लिहायला मी तीच फाइल उघडली. मराठी फाँट आणि समास आयते मिळत होते ना! जुना मजकूर काढला, हिशोब लिहिला आणि नाव न बदलता सेव्ह केला. बॅकअप 'उद्या' घेणार होतो. चूक ध्यानात आली तीन आठवड्यांनी.

पुसणं आणि वर लिहिणं यांतला फरक मला तेव्हा कळला. डॉसमध्ये फाइल पुसली, की तिच्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं बदलायचं आणि जागा 'रिकामी' म्हणून नोंदली जायची. मजकूर जागच्या जागी. याच्याच आधारावर पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली पुसलेली फाइल परत आणणारा प्रोग्राम बाजारात आणला. १९९१च्या डॉस ५मध्ये तर 'अनडिलीट' ही आज्ञाच आली. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की खेळ संपला. माझा हिशोब दोनच पानांचा होता. त्याच दिवशी मशीन बंद केलं असतं, तर नानांची बरीच पानं मिळाली असती. मी मात्र तीन आठवडे त्याच डिस्कवर लिहीत राहिलो.

वर लिहिलेल्या मजकुराखालचा जुना चुंबकीय ठसा वाचता येईल, अशी आशा बरीच वर्षं होती. ऑकलंडच्या पीटर गटमन यांनी १९९६ साली त्यावर गाजलेला निबंध लिहिला. पण डिस्कवरचं लेखन दाट होत गेलं आणि ती वाट बुजली. अध्यक्ष निक्सन यांच्या २० जून १९७२च्या टेपमधली साडेअठरा मिनिटं पुसली गेली होती. ती परत मिळवण्याचा प्रयत्न अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २००३ साली सोडून दिला.

याउलट अपोलो ११ची गोष्ट. चंद्रावरच्या पहिल्या पावलांच्या मूळ टेप बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, हे नासाने २००९ साली मान्य केलं. तरीही त्याच वर्षी ती दृश्यं पूर्वीपेक्षा स्वच्छ होऊन लोकांसमोर आली. त्या टेप सापडल्या नव्हत्याच. निरनिराळ्या ठिकाणी जपलेल्या प्रक्षेपणाच्या प्रती शोधून त्यांवरून ते काम झालं. गेलेलं परत मिळतं, ते बहुधा असं दुसऱ्याच्या कपाटातून.

नानांना खरं सांगायचा मला धीर झाला नाही. १९९७ साली ते गेले. त्यांची ट्रंक आवरताना ताईला डॉट मॅट्रिक्सवर छापलेली बावीस पानं सापडली. आईला वाचून दाखवायला ते जाताना घेऊन गेले होते, हे मी साफ विसरलो होतो. समासात पेन्सिलीने दुरुस्त्या होत्या: माझ्या टायपिंगच्या चुका, गावांची नावं आणि एका ठिकाणी, 'हे मी पाहिलेले नाही, ऐकलेले आहे.' ही ओळ फाइलमध्ये कधीच नव्हती. उरलेली पानं मात्र गेली ती गेलीच.

तेव्हा मंडळी, असा प्रसंग आलाच तर आधी हात आखडा. त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू नका. आजच्या एसएसडी तर पुसलेली जागा पुष्कळदा आपणहून साफ करतात. मग प्रोग्राम शोधण्याबरोबरच भावंडांना, मित्रांना फोन लावा: "मी तुला कधी एक प्रत दिली होती का रे?" आणि घरात कोणी जुन्या गोष्टी सांगत असेल, तर आज रात्रीच एक प्रत काढून दुसऱ्याच्या घरी ठेवा.