घरंगळत्या गोळ्याचे कोडे : गोटीच्या खेळापासून व्हिडिओ गेमपर्यंत

अधांतरी असलेली एक अरुंद वाट, तिच्यावर ठेवलेला एक गोळा आणि तो खाली न पाडता दुसऱ्या टोकाला नेण्याचे काम. व्हिडिओ गेमच्या एका स्वतंत्र प्रकाराची मांडणी एवढीच आहे. या खेळांत शत्रू नसतो, शस्त्र नसते आणि बहुधा कथाही नसते. खेळाडूसमोर उभे असतात ते उतार, घर्षण, वजन आणि वेग. म्हणून या प्रकाराला ‘भौतिकीवर आधारित कोडे’ म्हणतात. कोड्याचे उत्तर शब्दांत किंवा आकड्यांत द्यायचे नसते. ते हाताच्या अंदाजाने द्यायचे असते.

जुने पूर्वज

गोल वस्तू घरंगळवून ती नेमक्या जागी पोहोचवण्याची हौस संगणकापेक्षा फार जुनी आहे. अंगणातील मातीत खणलेल्या गलीत गोटी नेताना मुलाला जमिनीचा उंचसखलपणा, मातीचा खडबडीतपणा आणि बोटाचा जोर यांचा हिशेब एकाच वेळी करावा लागतो. तो हिशेब कोणी शिकवत नाही, तरी चार दिवसांत जमतो.

उतारावरील गतीला शिस्त लावण्याची कला स्थापत्यातही दिसते. धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने मराठी वाचकाला परकी नाहीत. धारहून नालछामार्गे मांडूला गेले की तेथील जहाज महालात पाण्यासाठी कोरलेला चक्राकार पन्हळ पाहायला मिळतो. पाणी हौदात थेट कोसळू न देता त्याला वेटोळ्यांतून फिरवले आहे, त्यामुळे त्याचा वेग मंदावतो. वेग कमी करायचा तर वाट लांबवावी, हे तत्त्व घरंगळत्या गोळ्याच्या खेळांची रचना करणारे आजही वापरतात.

खेळण्याच्या रूपात हे कोडे १८८९ साली अमेरिकेत गाजले. चार्ल्स क्रँडल यांनी तयार केलेल्या ‘पिग्ज इन क्लोव्हर’ या लहानशा तबकडीत वर्तुळाकार भिंतींमधून गोळ्या मधल्या कोंडवाड्यात न्यायच्या असत. पुढे १९४६ पासून स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने ‘लॅबिरिंथ’ ही लाकडी पेटी बाजारात आणली. पेटीच्या दोन बाजूंच्या मुठी फिरवून वरची फळी कलती करायची आणि पोलादी गोळी भोके चुकवत शेवटपर्यंत न्यायची. संगणकावरील पुढच्या बहुतेक खेळांची बीजे या पेटीत सापडतात.

‘मार्बल मॅडनेस’ : प्रारंभ

या प्रकाराला व्हिडिओ गेमच्या जगात ठसठशीत ओळख दिली ती १९८४ साली आलेल्या अटारी गेम्सच्या ‘मार्बल मॅडनेस’ने. त्याचा रचनाकार मार्क सर्नी त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. नाणे टाकून खेळायच्या यंत्रावरील या खेळात एकूण सहा टप्पे होते. खेळाडूच्या हाताशी बटणांऐवजी एक मोठा फिरता गोळा, म्हणजे ट्रॅकबॉल, असे. हात जितक्या जोराने फिरेल तितक्या जोराने पडद्यावरील गोटी धावे. मिनी गोल्फचे मैदान आणि डच चित्रकार एशर यांची दृष्टिभ्रम निर्माण करणारी चित्रे यांतून सर्नीला रचनेची प्रेरणा मिळाली होती.

या खेळाचा पाचवा टप्पा विशेष लक्षात राहण्याजोगा आहे. तेथे नियमच उलटे होतात आणि गोटी चढावर आपसूक धावू लागते. आधीच्या चार टप्प्यांत हाताने जे कमावले ते सारे येथे विसरावे लागते. गुरुत्वाकर्षणाची सवय आपल्यात किती खोल रुजली आहे, हे ती मोडल्यावरच कळते.

‘मार्बल मॅडनेस’ची सुमारे ४,००० यंत्रे विकली गेली. मात्र खेळ छोटा होता. सराईत खेळाडू सारे टप्पे काही मिनिटांतच पार करी. हाच मार्क सर्नी पुढे सोनीच्या प्लेस्टेशन ४ या यंत्राचा प्रमुख शिल्पकार झाला.

नव्या शतकातील तीन वाटा

एकविसाव्या शतकाच्या आरंभी या प्रकाराला तीन वेगळी वळणे मिळाली. २००१ साली जपानच्या सेगा कंपनीने ‘सुपर मंकी बॉल’ आणला. त्यात पारदर्शक गोळ्यात बसलेल्या माकडाला खेळाडू ढकलत नाही. तो माकडाखालची जमीनच कलती करतो. ब्रिओच्या लाकडी पेटीचेच हे संगणकीय रूप. २००८ साली आयफोनसाठी अॅपचे दुकान उघडले तेव्हा पहिल्याच दिवसापासून हा खेळ तेथे होता आणि फोन हातात कलता करून तो खेळता येई. पेटीपासून निघालेली कल्पना अशा रीतीने पुन्हा तळहातावर आली.

२००४ साली नामको कंपनीने ‘कातामारी दामासी’ प्रसिद्ध केला. केइता ताकाहाशी यांच्या या खेळात गोळा वाटेतील वस्तू चिकटवून घेत मोठा होत जातो. आरंभी टाचण्या उचलणारा गोळा शेवटी इमारती गिळतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ साली आपल्या संग्रहासाठी पहिले १४ व्हिडिओ गेम निवडले, त्यांत याचा समावेश होता.

त्याच वर्षी, म्हणजे २००४ मध्येच, जर्मनीच्या सायपरेड या संस्थेने तयार केलेला आणि अटारीने प्रकाशित केलेला ‘बॅलन्स’ विंडोज संगणकांवर आला. कोडे म्हणून या प्रकाराचा सर्वांत शुद्ध नमुना हाच. आकाशात तरंगणाऱ्या वाटा, दोन समांतर रुळांवरून जाणारे धोक्याचे भाग, झुलते पूल, ढेंगळ्या फळ्या आणि एकूण १२ टप्पे. गोळा तीन प्रकारचा असतो : कागदाचा, लाकडाचा आणि दगडाचा. वाटेत ठरावीक जागी तो एका रूपातून दुसऱ्या रूपात बदलतो. कागदाचा गोळा पंख्याच्या वाऱ्यावर वर उचलला जातो. जड खोकी ढकलायला दगडाचा लागतो. लाकडाचा या दोहोंच्या मधला. पुढचा अडथळा पाहून कोणत्या रूपात तेथे जायचे हे आधी ठरवावे लागते. टप्प्याच्या आरंभी मिळालेले १,००० गुण वेळेबरोबर घटत जातात, म्हणून फार रेंगाळून चालत नाही आणि घाई केली तर गोळा खाली जातो.

यामागचे भौतिकशास्त्र

उतारावरून घरंगळणाऱ्या गोळ्याचा पद्धतशीर अभ्यास गॅलिलिओने केला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने खाचेतून सोडलेल्या कांस्याच्या गोळ्याचा प्रयोग वर्णिला आहे. वेळ मोजण्यासाठी त्याने भांड्यातून झिरपणाऱ्या पाण्याचे वजन केले. निष्कर्ष असा, की कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : वेळ दुप्पट झाली तर अंतर चौपट.

घर्षणरहित उतारावरून नुसती घसरणारी वस्तू आणि घरंगळणारा गोळा यांत मात्र फरक आहे. गोळ्याच्या ऊर्जेचा काही भाग त्याला स्वतःभोवती फिरवण्यात खर्च होतो. त्यामुळे भरीव गोळ्याचे त्वरण घसरणाऱ्या वस्तूच्या ५/७ इतकेच भरते आणि पातळ कवचाच्या पोकळ गोळ्याचे ३/५. उतार ३० अंशांचा असेल तर हे आकडे अनुक्रमे सुमारे ३.५ आणि २.९ मीटर प्रति सेकंद वर्ग असे येतात.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की या सूत्रात वजन कोठेच नाही. जड गोळा उतारावरून अधिक वेगाने येतो हा समज चुकीचा आहे. हवेचा विरोध वगळला तर लाकडाचा भरीव गोळा आणि दगडाचा भरीव गोळा एकाच वेळी तळाशी पोहोचतात. वजनाचा प्रभाव दिसतो तो धडकेत, कारण खोके हलते ते संवेगामुळे. कागदी गोळा वाऱ्यावर उडतो तोही वजन कमी आणि हवेचा जोर तुलनेने अधिक म्हणून. ही गोष्ट घरी पडताळता येते. एखादी फळी कलती ठेवून काचेची गोटी आणि टेनिसचा पोकळ चेंडू एकदम सोडावेत. गोटी लहान असूनही पुढे जाते.

संगणकाला हे सारे अखंडपणे मोजता येत नाही. तो काळाचे बारीक तुकडे करतो, बहुधा सेकंदाला ६०. प्रत्येक तुकड्यात गोळ्यावरील बल, त्यातून नवा वेग आणि त्यातून नवी जागा काढली जाते. मग गोळा कशाला टेकला का, हे तपासले जाते. येथेच एक फसगत संभवते. सेकंदाला १२ मीटर वेगाने जाणारी लहान गोळी एका तुकड्यात २० सेंटिमीटर पुढे सरकते. समोरची भिंत १० सेंटिमीटर जाड असेल तर आधीच्या क्षणी गोळी भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या क्षणी पलीकडे असू शकते. दोघांची गाठ पडल्याचे संगणकाला कळतच नाही. हा दोष टाळण्यासाठी गोळीचा मधला मार्गही तपासावा लागतो. खेळ ‘खरा’ वाटतो तो अशा न दिसणाऱ्या कष्टांमुळे.

या कौशल्याकडे संशोधकांचेही लक्ष आहे. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ब्रिओच्या लाकडी पेटीवर खेळणारा ‘सायबररनर’ हा यंत्रमानव सादर केला. सुमारे सहा तासांच्या सरावानंतर त्याने १४.४८ सेकंदांत डाव पुरा केला आणि मानवी विक्रम सहा टक्क्यांहून अधिक फरकाने मागे टाकला. शिकताना त्याने वाटेचे काही भाग गाळून पुढे जाण्याच्या युक्त्याही शोधल्या. तसे करू नये, हे संशोधकांना त्याला बजावावे लागले.

जतनाचा प्रश्न

या खेळांचे आयुष्य मात्र लाकडी पेटीइतके भक्कम नाही. ‘मार्बल मॅडनेस’चा उत्तराधिकारी म्हणून १९९१ साली तयार केलेला ‘मार्बल मॅन’ चाचणीत अपयशी ठरला आणि बाजारात आलाच नाही. तीन दशके तो बहुतेकांसाठी केवळ नावापुरता उरला होता. २०२२ मध्ये त्याची प्रत अचानक बाहेर आली म्हणून तो आज पाहता तरी येतो. ‘बॅलन्स’ ज्या काळातील विंडोजसाठी लिहिला गेला, तो काळ मागे पडला. तो टिकून राहिला तो चाहत्यांच्या बळावर. विशेषतः चीनमधील खेळाडूंनी त्याचे नवे टप्पे रचले आणि नव्या संगणकांवर तो चालावा यासाठी दुरुस्त्या केल्या.

पुस्तकाची पाने पिवळी पडली तरी अक्षर वाचता येते. संगणकीय खेळ चालवणारे यंत्र नाहीसे झाले, की खेळही जवळपास नाहीसा होतो. मागे उरतात चित्रे आणि आठवणी. उतारावरील गोळ्याचा अंदाज मात्र छायाचित्र पाहून येत नाही, त्यासाठी खेळावेच लागते. म्हणून या खेळांचे जतन करणे म्हणजे ते चालते ठेवणे. ते काम आज बहुतांशी हौशी मंडळी करत आहेत आणि वस्तुसंग्रहालयांनी त्यात नुकताच कोठे प्रवेश केला आहे. घरातील माळ्यावर एखादा जुना संगणक किंवा खेळाची तबकडी पडून असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा चालवून पाहावी. कदाचित तिच्यात एखादा गोळा अजून वाटेच्या टोकाशी थांबलेला असेल.