सापेरावी : काखेतीचा रंगारी

१/ ‘आठ हजार वर्षे जुने द्राक्ष’ हे बिरुद सापेरावीला जाहिरातींपासून प्रवासवर्णनांपर्यंत सर्वत्र चिकटलेले दिसते. जॉर्जियाच्या या काळ्या द्राक्षाचा इतिहास विलक्षण आहे खरा. मात्र तो या बिरुदात नाही.

२/ आधी पुरावा पाहू. तिबिलिसीच्या दक्षिणेस गादाच्रिली गोरा आणि शुलावेरीस गोरा या नवाश्मयुगीन वसाहतींच्या उत्खननात मिळालेल्या खापरांत टार्टारिक आम्लाचे अंश आढळले. त्या भांड्यांत द्राक्षांपासून केलेले पेय होते, याची ही रासायनिक खूण. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यांतील सर्वांत जुनी खापरे सुमारे इ.स.पू. ६००० ची. म्हणजे जॉर्जियातील वाइनला आठ हजार वर्षे झाली. ती कोणत्या वाणाची होती, हे खापर सांगत नाही. शिवाय सापेरावी ज्याची म्हणून ओळखली जाते तो काखेती हा पूर्वेकडचा निराळाच प्रांत. राष्ट्राभिमान आणि बाजारपेठ एकत्र आली, की खापर आणि वेल यांच्यातले अंतर असे सहज पुसले जाते.

३/ नावाकडे वळू. जॉर्जियन भाषेत ‘पेरी’ म्हणजे रंग. सापेरावी म्हणजे रंगवण्यासाठी असलेली वस्तू. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढरट असतो, रंग केवळ सालीत. सापेरावीचा गरही तांबडा. तिची वाइन इतकी गडद, की तांबड्या वाइनला जॉर्जियन लोक ‘शावी ग्विनो’, म्हणजे काळी वाइन, का म्हणतात ते पेला पाहताच कळावे.

४/ काखेतीची जुनी रीत क्वेवरीची. क्वेवरी म्हणजे आतून मेण फिरवलेला, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला अंडाकृती मातीचा रांजण. (आपल्याकडचे धान्याचे पेव आठवा, जमिनीच्या गारव्याचा उपयोग दोन्हीकडे.) रस, साली, बिया सारे त्यातच आंबते. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

५/ १८०१ मध्ये रशियाने कार्तली-काखेतीचे राज्य खालसा केले. पुढे कवी आणि सेनानी अलेक्सांद्रे चावचावाद्झे (१७८६–१८४६) यांनी त्सिनांदाली येथील आपल्या जहागिरीत युरोपीय पद्धतीने वाइन करून बाटल्यांत भरण्यास आरंभ केला. तेथील संग्रहात १८४१ ची सापेरावीची बाटली आजही जपलेली आहे. आठ हजारांपुढे हा आकडा किरकोळ वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र नाव आणि साल असलेली ही बाटली अधिक मोलाची.

६/ सोव्हिएत काळात सरकारी कारखान्यांना हवे होते ते प्रचंड उत्पादन. जॉर्जियात पाचशेहून अधिक देशी वाण. त्यांतील बहुसंख्य मागे पडले. पांढऱ्यात रकात्सितेली आणि तांबड्यात सापेरावी यांचा विस्तार झाला. सापेरावीच्याच कोरड्या मुकुझानीला आणि अर्धगोड किंद्झमाराउलीला संघभर मागणी होती. सापेरावीला मिळालेले हे राजाश्रयाचे दिवस इतर वाणांच्या मुळावर आले, हे तिचे गुणगान करताना सहसा सांगितले जात नाही.

७/ राजाश्रयाचा धोका १९८५ मध्ये दिसला. गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम काढली आणि द्राक्षमळे उपटले गेले. ज्या सत्तेने वेली लावून घेतल्या, तिनेच त्या काढायला लावल्या.

८/ मग २००६. रशियाने जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. अधिकृत कारण आरोग्याचे. पण तेव्हा दोन्ही देशांचे संबंध किती बिघडले होते, हे जगजाहीर होते. निर्यातीचा फार मोठा हिस्सा एका फटक्यात थांबला. उत्पादकांना पोलंड, चीन, पश्चिम युरोप, अमेरिका अशी दारे ठोठवावी लागली. तिथे अर्धगोड वाइनच्या जुन्या ख्यातीवर भागत नव्हते. दर्जा सुधारावा लागला आणि घरगुती समजली जाणारी क्वेवरी बाटलीवरच्या चिठ्ठीवर मानाने झळकली.

९/ २०१३ मध्ये बंदी उठली. मधल्या काळात, २००८ साली, दोन्ही देशांत युद्धही होऊन गेले होते. तरीही जॉर्जियन वाइनचा सर्वांत मोठा ग्राहक पुन्हा रशियाच झाला.