फोटोच्या दुकानाला काय लागतं

फोटोचं दुकान टाकायचं म्हटलं की माणसं पहिलं कॅमेऱ्याचं विचारतात. केवढ्याला पडला, कुठल्या कंपनीचा. १९८३ साली मलाही तेवढंच कळत होतं. नाशिकला एक जुना याशिका विकायचा आहे असं कानावर आलं आणि मी घरात हट्ट धरला. वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा, तो कॅमेरा. आमच्याकडं डांगी बैलांची जोडी होती. त्यातला एक बैल बाजारात गेला आणि कॅमेरा घरात आला. वडलांनी त्या वर्षी आवणाची चिखलणी शेजाऱ्याच्या बैलाबरोबर सावड करून केली. तोंडानं काही बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "ह्याला दावणीला बांधू का फळीवर ठेवू?"

आमच्याआधी या धंद्यात हात पोळलेला एक मोठा माणूस आमच्या शेजारचाच. आमच्या डोंगरपट्ट्यातली माणसं निवृत्तीनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकेश्वराला जातात. तिथं ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. सिनेमाचे दादासाहेब म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण सिनेमाच्या आधी ते फोटोग्राफर होते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात फोटो काढणं, धुणं, छापणं शिकले. म्हणजे शिक्षणात काही कमी नव्हतं. गोध्र्याला जाऊन त्यांनी फोटोचा व्यवसाय थाटला. तिथं प्लेगमध्ये बायको आणि मूल गेलं. ते परत बडोद्याला आले, पुन्हा दुकान मांडलं, तर गावात बोलवा उठली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती ओढून घेतो आणि माणूस मरतो. गिऱ्हाईक येईना. शेवटी फाळके नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायला लागले.

खरं तर तोवर मुंबईत फोटो जुना झाला होता. १८५४ साली तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली, दुसऱ्या वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोचा वर्गही सुरू झाला. भाऊ दाजी लाडांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्या सोसायटीत होते. पण मुंबईत जुनं झालेलं आमच्याकडं घाट चढून यायला किती वर्षं लागतात, ते आमचं आम्हाला माहीत.

माझ्या दुकानातला पडदाही रंगवलेलाच होता. तळं, दोन हंस, मागं बर्फाचे डोंगर. आम्ही कळसूबाईच्या सावलीतली माणसं, पण फोटोला बर्फच पाहिजे. एक खुर्ची, आरसा, कंगवा, पावडरचा डबा आणि एक काळा कोट. तो कोट अर्ध्या तालुक्यानं घातला असेल. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला फोटो लागायचा, आश्रमशाळेची पोरं यायची, सगळी त्याच कोटात. बाह्यांतून बोटं बाहेर दिसायची नाहीत.

धंदा मात्र पुढच्या खोलीत नसतो, मागच्या अंधाऱ्या खोलीत असतो. ती खोली काळोखी करायला मला पंधरा दिवस लागले. कौलांच्या फटी, दाराची चीर, सगळीकडं गोणपाट आणि शेण. कागद लाल दिव्यात चालतो, फिल्मला लाल दिवाही चालत नाही, मिट्ट अंधार लागतो. औषध घरी बनवायचं. लिटरला दोन ग्रॅम मेटॉल, पाच ग्रॅम हायड्रोक्विनोन, वर सल्फाइट. वजन सोनाराच्या काट्यावर. मे महिन्यात पाणी तापलं की फिल्मवरचा थर सुटायला लागतो, म्हणून रांजणातलं पाणी वापरायचं. आणि पाणी किती! एकेक फिल्म, एकेक कागद वाहत्या पाण्यात अर्धा तास धुवावा लागतो, नाहीतर वर्षभरात पिवळा पडतो. नळ नव्हता. बायको हंड्यानं पाणी आणायची आणि वरून धार धरायची. फाळक्यांच्या घरी सरस्वतीबाई रात्री फिल्म धुवायच्या, औषधं कालवायच्या, पहिल्या सिनेमासाठी त्यांनी दागिनेही दिले. ते मी पुढं वाचलं तेव्हा बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडं दागिने तरी होते."

पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनला लागला की सप्टेंबरातच उघडायचा. कॅमेरा मी पत्र्याच्या डब्यात, कोरड्या तांदळात पुरून ठेवायचो. वीज गेली की तीन तीन दिवस यायची नाही. फिल्म आणि कागद रोखीनं आणायचे, गिऱ्हाईक मात्र उधारीचं. "बाळहिरडा विकला का देतो, मास्तर." काहींनी वरई दिली, काहींनी नाचणी. तक्रार नाही, खाल्ली आम्ही. हातात नगद पडायचं ते लग्नसराईत आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनात. प्रदर्शनात बैलाचं वशिंड पुरतं आलं पाहिजे, शिंगांचा रंग दिसला पाहिजे. मालकाचं डोकं कापलं गेलं तरी तो हसत पैसे द्यायचा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

१९८६ च्या श्रावणात वरच्या एका वाडीतून दोघं जण पहाटे चालत आले. म्हातारा रात्री गेला होता. त्याचा फोटो नव्हता, एकही नव्हता. तसलं बोलावणं आम्हाला नेहमीचंच. जिवंतपणी कोण पैसे खर्चतो? मी घोंगडीत कॅमेरा गुंडाळून त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी म्हाताऱ्याला ओट्यावर भिंतीला टेकवून बसवलं होतं, पागोटं बांधलं होतं. हनुवटी खाली येत होती, ती नातवानं मागून हात घालून धरली. मी चार फोटो घेतले. मग त्यांनी म्हाताऱ्याला उचललं.

त्या रात्री अंधाऱ्या खोलीत गळती लागली होती. थेंब औषधात पडू नये म्हणून मीच दोन्ही टोपल्या सरकवल्या. दोन्ही सारख्या प्लास्टिकच्या. एकीत औषध, दुसरीत हायपो. दिवा घालवला आणि फिल्म दोन्ही हातांत धरून खालीवर करत राहिलो. सरकवलेलं विसरलो. फिल्म आधी हायपोत गेली. हायपोचं काम असं की औषध न लागलेली सगळी चांदी तो खाऊन टाकतो. दिवा लावला तेव्हा हातात काचेसारखी स्वच्छ पट्टी होती. ना म्हातारा, ना पागोटं, ना नातवाची बोटं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याचा मुलगा फोटो न्यायला आला. मी म्हणालो, "फोटो आला न्हाई." पुढचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणाला, "म्हाताऱ्याचं मनच नव्हतं. जिता असताना बी म्हणायचा, त्या डबड्यात मला कोंडू नका." आणि जायला उठला. आगाऊ दिलेले वीस रुपये मी परत करायला लागलो, ते त्यानं घेतले नाहीत. "तुझी चूक न्हाई, मास्तर."

मी गप्प राहिलो. ज्या समजानं फाळक्यांचं बडोद्याचं दुकान बसवलं, त्याच समजानं माझं वाचवलं. आणि मी ते वाचू दिलं. उलट माझं नाव झालं. वाडीत बोललं जाऊ लागलं की ह्याचा कॅमेरा मेलेल्याचं मन ओळखतो. त्या वर्षी गिऱ्हाईक वाढलं.

पुढं शेषनसाहेबांनी १९९३ साली मतदार ओळखपत्राचा आग्रह धरला. मला वाटलं आपले दिवस आले, पण फोटो काढायला ठेकेदाराची माणसं स्वतःची यंत्रं घेऊन आली. रंगीत रोल आले तेव्हा धुवायचं काम बाहेरगावच्या लॅबकडं गेलं आणि माझी मागची खोली कांदे ठेवायला झाली. २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभलीत, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. तोवर मी दुकान बंद करून पूर्ण वेळ शेतीत आलो होतो.

ओळखपत्राच्या त्या दिवसांत त्याच वाडीत एका लग्नाला गेलो होतो. म्हाताऱ्याच्या मुलानं घरी नेलं, कोरा चहा दिला. भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीत एक खिळा होता. त्याला फोटोऐवजी म्हाताऱ्याचं पागोटं टांगलेलं होतं, वर सुकलेला हार. मी पागोट्याकडं बघतोय हे त्यानं पाहिलं. काही बोलला नाही. मीही बोललो नाही, चहा पिऊन निघालो.

तो मुलगाही आता राहिला नाही. ज्यानं हनुवटी धरली होती तो नातू आहे, पन्नाशीला आला असेल. त्याला वाचता येतं. हा लेख छापून आला की पुस्तक घेऊन मीच वाडीवर जाणार आहे, पावसाच्या आधी, गुडघे चालले तर.