ओव्हरहेड कन्सोल (हौशी बांधणीच्या विमानातील)

ओव्हरहेड कन्सोल : केबिनच्या छताला मध्यरेषेवर, बसणाऱ्यांच्या डोक्यांवर बसवलेली अरुंद, लांबट पेटी. तिच्यात हवेच्या झडपा, दिवे, हेडसेटची सॉकेटे आणि या सर्वांच्या तारा असतात. व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-१० (पहिले उड्डाण २००३) या चार आसनी किट-विमानाचे धड अ‍ॅल्युमिनियमचे, पण केबिनचे छत फायबरग्लासचे असते. अशा छताला कन्सोल इपॉक्सीने चिकटवण्याकडे कल असतो. बांधणारे त्याची गणना सजावटीत करतात. प्रत्यक्षात ते डोक्यावर टांगलेले वजन आहे आणि त्याची जोडणी त्याच हिशेबाने व्हायला हवी. अमेरिकी नियमावलीच्या भाग २३ मधील पूर्वीच्या २३.५६१ या कलमानुसार, प्रवाशाला इजा करू शकेल अशी केबिनमधील वस्तू आणीबाणीच्या उतरणीत पुढे १८ जी, बाजूला ४.५ जी व वर ३ जी सोसेल इतकी पक्की जखडावी लागे. म्हणजे अडीच किलोच्या कन्सोलवर पुढच्या दिशेने ४५ किलोंचा भार. हौशी बांधणीच्या विमानांना हे कलम बंधनकारक नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. पण सवलत कागदावरची आहे, तिने डोके आणि पेटी यांतले अंतर वाढत नाही. रेडिओ किंवा प्राणवायूची नळकांडी वर न नेणे हे त्यामुळे ओघानेच आले.

दुसरा मुद्दा उष्णतेचा. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो. शिर्डी विमानतळासारख्या (काकडी, १ ऑक्टोबर २०१७ रोजी उद्घाटन) उघड्या जागी उन्हात उभ्या विमानाचे छत हवेपेक्षा बरेच जास्त तापते. खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी साधारण ६० ते ८० अंशांच्या पट्ट्यात मऊ पडू लागते. फायबरग्लासची विमाने पांढरी रंगवतात ती मुख्यतः याचसाठी. चिकटवलेली कन्सोले वर्षानुवर्षे टिकल्याचे दाखले दिले जातात. पण रोजच्या उड्डाणात टिकणे आणि १८ जीला टिकणे या वेगळ्या कसोट्या आहेत. जोडणीनंतर ठरावीक काळ उष्णता देऊन इपॉक्सीची सहनशक्ती वाढवता येते, हे मात्र मान्य करावे लागते. चिकटवण्याच्या जोडीला स्क्रू लावल्यास त्यांच्या भोकांनी छत कमजोर होते, हा आक्षेप अधिक वजनदार. त्यावर उपाय असा की भोके पाडण्याआधी त्या जागी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी किंवा प्लायवुड बसवून भार पसरवावा. चिकटवणे आणि स्क्रू दोन्ही ठेवणे हाच सुरक्षित मार्ग दिसतो.

हौशी बांधणीचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांच्या टीएसी-००३ या सहा आसनी विमानाचे. कांदिवलीतील चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेले हे विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले व २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे व्हीटी-एनएमडी या चिन्हाने नोंदले गेले.

होकायंत्र : त्याच्या जवळून जाणाऱ्या, कन्सोलमधील दिव्यांच्या तारा जोडीने पिळून न्याव्यात, अन्यथा सुई ढळते.